एका इंचाचं रसग्रहण

१९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदा कंपनीनं एक छोटी, दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी लोकांपुढे आणली. अमेरिकेत ती मियाटा, जपानात युनोस रोडस्टर आणि इतरत्र एमएक्स-५ म्हणून ओळखली गेली. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, इंजिन १.६ लिटरचं, ताकद बेताची. सरळ रस्त्यावर तिला मागे टाकणाऱ्या गाड्या तेव्हाही पुष्कळ होत्या. वळणदार रस्त्यावर मात्र तिच्या चालीत जी गोडी आहे ती एकदा अंगात मुरली की माणूस सहसा ही गाडी विकत नाही. विकली तर काही वर्षांनी पुन्हा शोधत फिरतो.

ही गाडी घरच्या गॅरेजमध्ये उघडून तिच्यावर स्वतः काम करणारी माणसं अमेरिकेत, इंग्लंडात, जपानात गावोगावी भेटतात. त्यांच्या हातून होणाऱ्या सुरुवातीच्या कामांत एक काम हमखास असतं: कारखान्यातून आलेल्या स्प्रिंगा काढून थोड्या आखूड, थोड्या कडक स्प्रिंगा घालायच्या आणि गाडी इंचभर खाली बसवायची. बघणाऱ्याला यात चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट कमी झालेली दिसते. ती दिसते सुंदर, यात वादच नाही. पण त्या फटीपलीकडेही या कामात बराच रस भरलेला आहे. दुसऱ्या कुणीतरी फार विचारानं केलेल्या रचनेतली एकच जागा बदलायची म्हटली तरी आधी सगळी रचना वाचावी लागते. वर्षानुवर्षं जी गाडी आपण नुसती चालवली, ती त्या शनिवार-रविवारात पहिल्यांदा कळू लागते. या वाचनाबद्दल मला लिहायचं आहे.

सुरुवात रचनाकारांपासून करू. या गाडीचे मुख्य अभियंता तोशिहिको हिराई. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत तसं गाडी आणि चालक यांचं व्हावं, ही कल्पना त्यांनी आपल्या गटापुढे ठेवली. अशी कल्पना मांडणं सोपं. ती लोखंडात उतरवताना खर्च वाढतो. हिराईंच्या गटानं चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन दिलं. त्या काळच्या स्वस्त गाड्यांत साधा मॅकफर्सन स्ट्रट असे, आणि तो वापरला असता तर पैसा आणि जागा दोन्ही वाचली असती. डबल विशबोनमध्ये प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आर्मनी धरलेलं असतं. वरचा आर्म आखूड, खालचा लांब. एवढ्याशा फरकात केवढी तरी कारागिरी आहे. चाक वर उचललं गेलं की आखूड आर्मचं टोक आतल्या बाजूला जास्त ओढलं जातं आणि चाकाचा माथा गाडीकडे किंचित झुकतो. वळणावर गाडीची बॉडी बाहेरच्या बाजूला कलते, बाहेरचं चाक बॉडीच्या हिशेबानं वर जातं आणि नेमकं तेव्हाच झुकून टायरचा तळवा रस्त्यावर सपाट टेकलेला ठेवतं. बॉडी कलण्यातून होणारं बरंचसं नुकसान आर्मच्या लांबीतल्या फरकानं आधीच भरून काढलेलं असतं.

हे पुस्तकात वाचून समजतं. पण चाक काढून, स्प्रिंग काढून टाकून, मोकळा लोंबणारा हब हातात धरून वर-खाली करून पाहिलं की ते दिसतं. चाकाचा माथा आत झुकताना डोळ्यांना दिसतो. स्प्रिंग जागेवर असताना हे करता येत नाही, कारण ती हातानं दबत नाही. म्हणून स्प्रिंग बदलण्याच्या कामातला हा मधला वेळ, जुनी निघाली आहे आणि नवी अजून बसायची आहे तो वेळ, मला फार मोलाचा वाटतो. घाईनं पुढे जाणाऱ्यांनी निदान पाच मिनिटं तरी हा हब हलवून पाहावा.

आता स्प्रिंगेकडे येऊ. वरवर पाहता ती दाबली जाते आणि सुटते. प्रत्यक्षात तिची तार दाबली जातच नाही, ती पिळली जाते. कॉइल स्प्रिंग म्हणजे पिळली जाणारी एक लांब सळई. जागा वाचावी म्हणून तिला वेटोळ्यात बसवलंय एवढंच. त्यामुळे तिचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. बारा मिलिमीटरच्या तारेऐवजी साडेबारा मिलिमीटरची घेतली आणि बाकी सारं तसंच ठेवलं, तर स्प्रिंग सुमारे अठरा टक्क्यांनी कडक होते. अर्धा मिलिमीटर! दोन स्प्रिंगा शेजारी ठेवल्या तरी डोळ्याला तो फरक कळणार नाही, व्हर्निअर कॅलिपर लावावा लागेल. वेटोळ्याचा व्यास वाढवला तर कडकपणा त्याच्या तिसऱ्या घातानं उतरतो. काम करणारी वेटोळी जितकी जास्त तितकी स्प्रिंग मऊ. जुनी आणि नवी स्प्रिंग बाकावर शेजारी उभी करून हे तीन आकडे मोजले, तर नव्या स्प्रिंगेच्या कारागिराच्या मनात काय होतं ते बरंचसं वाचता येतं.

चांगल्या बनावटीच्या लोअरिंग स्प्रिंगेत, उदाहरणार्थ जर्मनीतल्या फिनेनट्रॉप इथं १९५१ साली सुरू झालेल्या आयबाख कंपनीच्या स्प्रिंगेत, एका टोकाची वेटोळी पुष्कळदा दाट असतात आणि दुसऱ्या टोकाची विरळ. भार वाढत गेला की दाट वेटोळी एकमेकींना टेकतात आणि कामातून बाद होतात. उरलेली वेटोळी कमी, म्हणून स्प्रिंग कडक. छोट्या खड्ड्याला मऊ आणि मोठ्या धक्क्याला कठोर अशी ही बांधणी. दाट वेटोळ्यांचं आणखीही एक काम असतं. जॅकवर गाडी उचलली आणि चाक लोंबकळलं की आखूड स्प्रिंग आपल्या वाटीतून सुटी होऊ शकते. ही वेटोळी तेवढ्या वेळेपुरती फुलून तिला जागेवर धरून ठेवतात.

जुन्याच स्प्रिंगेचं एखादं वेटोळं ग्राइंडरनं कापूनही गाडी खाली बसवता येते. काही जण गॅसची ज्योत लावून स्प्रिंग बसवून टाकतात. कापलेली स्प्रिंग कडक होते हे खरं, कारण वेटोळी कमी झाली. पण कापलेलं टोक वाटीतल्या पायरीवर नीट टेकत नाही. ज्योतीनं तर पोलादाला दिलेलं पाणीच उतरतं, आणि पुढे तो तुकडा किती दिवस, कुठल्या वळणापर्यंत साथ देईल याचा भरवसा नाही. दोन्ही प्रकार मला असह्य वाटतात. कवितेतली ओळ बदलायचा हक्क वाचकाला एक वेळ असेलही, पण पान फाडायचा नाही.

स्प्रिंग किती कडक असावी याचं उत्तर फक्त वळणावर मिळत नाही, ते बसणाऱ्याच्या पोटात मिळतं. स्प्रिंगेवर तोललेली बॉडी एका ठरावीक लयीत डोलते. आरामशीर गाड्यांत ही लय सेकंदाला एकाच्या आसपास असते, स्पोर्ट्स गाड्यांत दीड ते दोनपर्यंत जाते. १९३० च्या दशकात रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये आलेल्या मॉरिस ओली या अभियंत्यानं एका लांबलचक गाडीला पुढे-मागे सरकवता येणारी वजनं लावली, स्प्रिंगा बदलल्या आणि माणसांना बसवून विचारलं, कसं वाटतं. त्याला आढळलं की मागची लय पुढच्यापेक्षा थोडी जलद ठेवली तर प्रवास सुखाचा होतो. कारण रस्त्यातला उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो आणि मग मागच्या. एमएक्स-५ च्या दोन आसांमधलं अंतर २,२६५ मिलिमीटर. ताशी ८० किलोमीटर वेगाला मागची चाकं त्याच उंचवट्यावर सुमारे एक दशांश सेकंद उशिरा पोचतात. उशिरा सुरू झालेली मागची बाजू जलद डोलते म्हणून पुढचीला गाठते आणि मग दोघी मिळून सपाट वर-खाली होतात. मागची लय संथ असेल तर गाडी नाक वर, शेपूट खाली अशी झुलत राहते.

हे ध्यानात आलं की नव्या स्प्रिंगांच्या संचाकडे पाहण्याची नजर बदलते. चारही स्प्रिंगा कडक झाल्या की नाही हा प्रश्न मागे पडतो. पुढच्या किती आणि मागच्या किती, हे पाहावं लागतं. मूळ बंदिश राखून लय थोडी चढवली आहे, की पुढच्या-मागच्यातलं नातंच मोडलं आहे? संच निवडताना मी तरी आधी हे विचारीन. किती खाली बसेल हे नंतर.

आणि इथे आकड्यांना एक गाठ आहे. या गाडीत शॉकअब्सॉर्बर आणि त्याभोवतीची स्प्रिंग थेट चाकावर बसत नाही. ती खालच्या आर्मवर, चाकापासून थोडी आत टेकते. चाक दहा मिलिमीटर वर गेलं की स्प्रिंग ढोबळ मानानं सातच दबते. म्हणजे चाक पंचवीस मिलिमीटर वर आणायचं तर स्प्रिंगेच्या जागी साधारण साडेसतरा पुरेत. उलट चाकाला जाणवणारा कडकपणा या गुणोत्तराच्या वर्गानं घटतो: सात दशांशाचा वर्ग जवळजवळ निम्मा. स्प्रिंगेवर छापलेला आकडा आणि रस्त्याला लागणारा आकडा यांत असा दुपटीचा फरक असतो.

काम तसं साधं आहे, सावधपण मात्र हवं. आधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवायचं. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट सैल करायचे, मग जॅक, मग जॅक स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. दोन्ही बाजूंच्या आर्मना जोडणाऱ्या अँटीरोल बारच्या लिंक सोडवायच्या, कारण त्या जोडलेल्या राहिल्या तर एका बाजूचं चाक वर-खाली करताना पिळलेला बार दुसऱ्या बाजूच्या आर्मला रेटत राहतो. पुढचे वरचे नट बॉनेटखाली सापडतात, मागचे डिकीत गालिच्याआड. पुढच्या वरच्या आर्ममधून एकच लांब बोल्ट आरपार जातो, आणि आम्ही राहतो त्या ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडत असल्यानं तो आपल्या नळीत गंजून बसलेला असू शकतो. त्याला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल पाजायचं आणि सकाळी धीर धरायचा. या बोल्टवर ताकद दाखवू नये.

धोक्याची जागा एकच. शॉकअब्सॉर्बरवरून जुनी स्प्रिंग उतरवताना तिला कॉम्प्रेसरच्या दोन शिकंज्यांत धरून दाबावं लागतं. मिलिमीटरमागे तीस न्यूटन कडकपणाची स्प्रिंग शंभर मिलिमीटर दाबली तर ती सुमारे तीनशे किलोच्या रेट्यानं सुटायला पाहत असते. शिकंजे समोरासमोर लावायचे, आळीपाळीनं थोडे थोडे आवळायचे, हवेच्या बंदुकीनं नव्हे तर हातानं, आणि स्प्रिंगेच्या तोंडासमोर कधी उभं राहायचं नाही. हे ज्याला जमेल असं वाटत नाही त्यानं चारही शॉकअब्सॉर्बर घेऊन सरळ गॅरेज गाठावं. नवी आखूड स्प्रिंग चढवताना मात्र बहुधा एवढं दाबावंच लागत नाही.

या सगळ्या कामातली माझी सर्वांत आवडती जागा शेवटी येते, आणि घरगुती कामात बहुतेक वेळा तीच निसटते. मी आणि माझा भाचा गाडीवर काम करत होतो. नव्या स्प्रिंगा बसल्या, बोल्ट आपापल्या भोकांत गेले, आणि त्यानं टॉर्क रेंच उचलला.

“मामा, आवळून टाकू?”

“थांब रे. आधी चाक आपल्या उंचीवर येऊ दे.”

आर्म जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असतात तिथे रबराची बुश असते. या बुशच्या मधोमध पोलादी नळी असते आणि रबर तिला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की ती नळी कंसात घट्ट धरली जाते. मग आर्म हलतो तेव्हा नळी फिरत नाही. मधलं रबर पिळलं जातं. म्हणजे प्रत्येक बुश ही स्वतःच एक छोटी स्प्रिंग आहे, आणि तिची शांत अवस्था कोणती हे बोल्ट आवळण्याच्या क्षणी ठरतं. गाडी स्टँडवर, चाक लोंबकळत असताना आवळला, तर रबराची शांत अवस्था लोंबकळलेल्या चाकाची झाली. मग गाडी जमिनीवर उतरली की रबर कायमचं पिळलेलं. उभ्या गाडीतही ते चाकाला खाली ढकलतं, गाडी थोडी वर राहते, चाल उगाच ताठर होते, आणि थोड्या काळात रबर फाटतं. मग लोक म्हणतात, स्प्रिंगा कडक निघाल्या.

म्हणून सगळे बोल्ट आधी नुसते टेकवायचे. मग खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटजवळ जॅक लावून हब वर उचलायचा, सुरुवातीला लिहून ठेवलेल्या अंतरातून पंचवीस मिलिमीटर वजा करून जो आकडा येतो तिथपर्यंत, आणि त्या उंचीवर आवळायचं. उचलताना गाडी स्टँडवरून सुटत नाही ना, यावर लक्ष ठेवायचं. तेवढी जागा नसेल तर चाकं उतरणीच्या फळ्यांवर चढवून, गाडीचा भार चाकांवर असताना, खाली आडवं पडून आवळायचं. भाच्यानं टेप धरला, मी जॅक मारला. गाडीची नवी उंची स्प्रिंगेला ठाऊक होती. ती रबरालाही सांगणं हे या कामातलं सर्वांत नाजूक पाऊल आहे. एमएक्स-५ च्या चालीतली ती सहज, बिनतक्रार लवचीकता मोठ्या प्रमाणात याच बुशांवर उभी आहे, आणि जुन्या गाडीत त्या तिशी उलटलेल्या असतात.

आता एक परखड गोष्ट. गाडी इंचभर खाली आली म्हणून तिचा गुरुत्वमध्य इंचभर उतरला. तो जमिनीपासून साधारण अर्ध्या मीटरवर असतो, म्हणजे फरक पाचेक टक्क्यांचा. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार तेवढ्याच प्रमाणात घटतो. आनंद आहे, पण गाडी बदलून जावी एवढा नाही. बाकीचा गुण येतो तो वाढलेल्या कडकपणातून आणि आत झुकलेल्या चाकांतून. चाकं थोडी आत झुकतात ती हिराईंच्या आखूड-लांब आर्मांमुळेच. खाली बसलेली गाडी त्या ठरवून ठेवलेल्या वक्रावर जरा पुढची जागा घेते. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीला हे दान इतकं मिळत नाही. तिथे गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो गुरुत्वमध्याहून जास्त खाली घसरतो आणि कलण्याची ओढ उलट वाढूही शकते.

आणि जे जातं तेही सांगायला हवं. चाकाला वर जायला जी मोकळी जागा होती तिच्यातून पंचवीस मिलिमीटर गेले. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये ही जागा मुळातच थोडी आहे. ती संपली की शॉकअब्सॉर्बरच्या दांड्यावरचा फोमचा बंप स्टॉप टेकतो. मूळ रचनेत तोही एक भागीदार आहे: तो मऊ टेकतो आणि हळूहळू कडक होत जातो. पण गाडी उभी असतानाच तो टेकायला आला असेल, तर वळणाच्या ऐन मध्यावर, एखाद्या सांध्यावरून जाताना चाक अचानक अडतं आणि टायरची पकड सुटते. एवढ्यासाठी इंचभर ठीक, दोन इंच नको, हे माझं ठाम मत आहे. दोन इंच खाली बसलेली मियाटा उभी असताना देखणी दिसते, आणि चालताना स्प्रिंगांवर न चालता बंप स्टॉपवर चालते. अनुभवी लोक यावर एक छान तोड काढतात. १९९८ पासूनच्या दुसऱ्या पिढीच्या गाडीचा शॉकअब्सॉर्बरचा वरचा माउंट पहिल्या पिढीत बसतो आणि हरवलेली जागा काही अंशी परत देतो. माझदानं आपल्याच रचनेत केलेली ही दुरुस्ती मागच्या गाडीला मिळावी, यात मला मोठी गंमत वाटते. स्प्रिंगांबरोबर पैसे कुठे घालावेत असं कुणी विचारलं तर मी या माउंटचं आणि चांगल्या बंप स्टॉपचं नाव घेईन. शॉकअब्सॉर्बर जुने असतील तर तेही त्याच वेळी बदलावेत. कडक स्प्रिंगेला आवर घालायचं बळ थकलेल्या शॉकअब्सॉर्बरमध्ये उरलेलं नसतं.

चाकाचे नट साधारण शंभर न्यूटन-मीटरला आवळून गाडी बाहेर काढली की काही दिवस ती चालवावी. स्प्रिंगा वाट्यांत नीट बसतात, उंची अजून एक-दोन मिलिमीटर उतरते. मगच अलाइनमेंट करायची. या गाडीच्या चारही खालच्या आर्मना विकेंद्री बोल्ट आहेत, म्हणून पुढची आणि मागची दोन्ही चाकं जुळवता येतात, ही आणखी एक उदार सोय. पुढच्या चाकांना सुमारे एक अंश आत झुकाव, मागच्यांना किंचित जास्त, टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं, जवळजवळ शून्य. आणि कारागिराला आवर्जून सांगायचं की कॅस्टर, म्हणजे बाजूनं पाहता स्टिअरिंगच्या आसाचा मागे कलण्याचा कोन, दोन्ही बाजूंना सारखा ठेवून जेवढा जास्त मिळेल तेवढा दे, कारण वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग हातातून स्वतःहून मधोमध परत येतं ते त्याच्याच जोरावर.